शेऱ्याचा रकाना

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला महिनाभर आधी फोन करून सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. सगळ्यांना उत्सुकता आहे." मी हो म्हटलं. पण काल संध्याकाळी इथे आल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, "काय गं, तुझ्या कुत्र्यांचं काय झालं?" तेव्हा ठरवलं, एआय पुढच्या मेळाव्याला. आज कुत्र्यांबद्दल बोलते. संयोजकांनी मला माफ करावं. निम्मा दोष त्यांचाही आहे, कारण त्या ४१ कुत्र्यांपैकी १४ त्यांच्याच टेम्पोतून गेली.

आधी एक कबुली देते. मी श्वानप्रेमी वगैरे नाही. आठवीत असताना शिकवणीहून परत येताना मला कुत्रं चावलं होतं, हे माझ्या बाकावरच्या मैत्रिणींना आठवत असेल. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं मी कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडत असे. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात एक काळी कुत्री असायची, शिपाईमामा तिला मधल्या सुट्टीत पोळी घालायचे. मी तिच्यासमोरून कधी एकटी गेले नाही. तेव्हा आता जे सांगणार आहे ते घाबरट माणसाने केलेलं काम आहे, असं समजून ऐका.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना तारखा सांगायची गरज नाही, पण आपल्यातले बरेच जण तेव्हा परदेशात, मुंबईत, बंगळूरला होते म्हणून सांगते. ५ तारखेला नागपंचमी होती, त्याच सुमाराला पाणी वाढू लागलं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी चढत चढत ५७ फुटांपर्यंत गेलं. माझी आई गावभागात आमच्या जुन्या घरात एकटी होती. आमच्या जिन्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे, बाबांनी रंगाने ओढलेली. आई फोनवर म्हणत होती, "त्या खुणेच्या वर कधी आलंय का पाणी? तू उगाच काळजी करतेस." गावातल्या हजारो घरांत लोक हेच म्हणत होते. त्या खुणेवर भरवसा ठेवूनच माणसं घरात बसून राहिली.

खूण बुडाली. आई गच्चीवर गेली. बरोबर वाघ्या. वाघ्या खरं तर आमचा नव्हता, गल्लीचा होता. सकाळचा चहा-बिस्किट समोरच्या काकांकडे, दुपारची पोळी आमच्याकडे, रात्री राखण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची. पाणी आल्यावर तो आईच्या मागे जिना चढून वर आला. दुसऱ्या दिवशी बोट आली, तेव्हा बोटीवरच्या मुलांनी सांगितलं, "आजी, फक्त माणसं." त्यांचं काही चुकलं नाही. बोटीत जागा नव्हती, गच्च्यांवर लहान मुलं होती, गरोदर बायका होत्या. आईने परातीत होत्या तेवढ्या पोळ्या ठेवल्या, बादलीत पाणी ठेवलं आणि बोटीत बसली. विश्रामबागेत मामाकडे पोहोचल्यावर तिने मला फोन केला. मी म्हटलं, "सुटलीस बाई!" ती म्हणाली, "वाघ्या बोटीमागनं पोहत आला गं. चौकापर्यंत. मग दिसला नाही."

मी त्या रात्री पुण्याहून निघाले. इस्लामपूरकडून येणारा रस्ता पाण्याखाली होता, म्हणून विटा-तासगाव असा वळसा घालून १० तारखेला सकाळी पोहोचले. डोक्यात एकच होतं, वाघ्याला शोधायचं. आपल्या दहावीच्या ग्रुपवर, जिथे तोवर फक्त 'सुप्रभात' आणि वाढदिवसाचे केक येत होते, तिथे मी एक ओळ टाकली: कुणाकडे बोट आहे का, कुत्रं शोधायचंय. मला वाटलं होतं, हसतील. अर्ध्या तासात चार फोन आले. एकाच्या ओळखीत होडी होती. एकाचा टेम्पो. एकीच्या दिरांची मिरजेच्या बाहेर उंचावर हळदीची शेड रिकामी होती. आणि मागच्या बाकावर बसून बेडकाची चित्रं काढणारा आपला मित्र आता जनावरांचा डॉक्टर आहे, हे मला त्या दिवशी कळलं!

गच्चीवर गेलो. परात रिकामी होती, बादली उलटी पडली होती. वाघ्या नव्हता.

पण शेजारच्या गच्चीवर दोन कुत्री होती. पुढच्या गल्लीत एका पत्र्यावर एक कुत्री तीन पिल्लं घेऊन बसली होती. बंद घराच्या खिडकीतून एकाचं भुंकणं ऐकू येत होतं, मालक कुलूप लावून गेले होते. डॉक्टर मित्र म्हणाला, "आता आलोच आहोत तर..." सगळं असं सुरू झालं. ठरवून काही नाही.

पुराच्या पाण्यातलं कुत्रं कसं असतं, ते थोडं सांगते, कारण सिनेमात दिसतं तसं ते नसतं. ते शेपूट हलवत तुमच्याकडे येत नाही. ते घाबरलेलं असतं, उपाशी असतं, पंजे पाण्याने सुजून पांढरे पडलेले असतात, आणि ते चावतं. म्हणून समोरून हात घालायचा नाही. बाजूने जायचं, अंगावर जाड टॉवेल किंवा पोतं टाकायचं आणि मग उचलायचं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. आता चौदा इंजेक्शनं नाहीत, दंडात चार-पाच घेतली की झालं. मी दोनदा घेतली. चार दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर घालायचं नाही. आधी पाणी, मग थोडा पातळ दहीभात, दर दोन-तीन तासांनी. आम्ही पहिल्या दिवशी मायेने ताटभर वाढलं आणि डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. आणखी एक, पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. ते कुत्र्यालाही होतं आणि माणसालाही. डॉक्टर आम्हाला गमबूट घातल्याशिवाय शेडमध्ये येऊ देत नव्हते. आम्ही काही एकटे नव्हतो. अ‍ॅनिमल राहतसारखी संस्था या भागात जनावरांसाठी आधीपासून काम करते, तिची माणसंही त्या पुरात बाहेर होती. अनेक गल्ल्यांमधली पोरं कुणी न सांगता हेच करत होती.

सगळी मिळून ४१ कुत्री शेडमध्ये आली. चार गेली. त्यात ती दोन पिल्लं होती, ती पार्व्होने गेली. बाकीची सुधारू लागली, तेव्हा प्रश्न आला, यांचं आता करायचं काय? आणि इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली.

मी एक शीट केली. प्रत्येक कुत्र्याला नंबर. फोटो, रंग, नर की मादी, अंदाजे वय, लस दिली का. मग 'गळ्यात पट्टा: आहे / नाही.' आणि शेवटचा रकाना, 'मालक: आहे / नाही.' सगळीकडे पर्याय ठरलेले, एक निवडायचा. कुणी काहीबाही लिहून गोंधळ घालू नये म्हणून लिहायला जागाच ठेवली नाही. माझ्या कामात हा चांगला गुण मानतात.

ज्याचा पट्टा नाही त्याला मालक नाही, असा नियम आपोआप लागला. मालक नाही म्हणजे मोकाट, आणि मोकाट म्हणजे घर शोधून द्यायचं. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात मी फोटो पाठवले. लोक खरंच चांगले असतात, लगेच विचारणा सुरू झाल्या. १८ ऑगस्टला मी सहा कुत्री गाडीत घालून पुण्याला नेली आणि सहा घरांत दिली. ऑफिसमध्ये माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. मला वाटलं, आपण किती व्यवस्थित काम केलं!

१ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, शेडवरून फोन आला. एक म्हातारे गृहस्थ आले होते, नदीकाठच्या एका गावातले. मी त्या दिवशी इथेच होते म्हणून गेले. धोतर, टोपी, हातात पिशवी. तीन आठवडे आधी छावणीत, मग चिखल काढण्यात आणि पंचनाम्याच्या मागे गेले होते. दोन म्हशी गेल्या होत्या. ते म्हणाले, "ताई, माजा मोत्या हाय का बगा. तांबूस हाय, डावा कान फाटल्याला. गळ्यात काळा दोरा, त्यात घुंगरू."

मी शीट उघडली. १७ नंबर. तांबूस, डावा कान फाटलेला. पट्टा: नाही. मालक: नाही. स्थिती: पुण्याला दिला.

दोऱ्याचा उल्लेखच नव्हता. शेडवर काम करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "होता की दोरा. भिजून गळ्यात रुतला होता म्हणून डॉक्टरांनी कापला. तुमच्या फॉर्मात ते लिवायला जागा नव्हती." त्याने औषधांच्या कपाटातून बिस्किटांचा एक डबा काढला. त्यात ते पितळी घुंगरू होतं. म्हाताऱ्यांनी ते हातात घेतलं आणि काही न बोलता खिशात टाकलं.

मित्रहो, मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पानी आलं तवा मीच सोडला त्याला. म्हशी सोडायच्या राहिल्या. त्याला सोडला म्हनून तो जगला."

त्या पंचनाम्याचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरकारी मदतीच्या त्या वेळच्या निकषांत दुभत्या म्हशीला ३० हजार रुपये होते, शेळी-मेंढीला ३ हजार, कोंबडीला ५० रुपये. कुत्र्याला रकाना नाही. त्यांच्या कागदात मोत्या नव्हता, आणि माझ्या कागदात त्याला मालक नव्हता.

१७ नंबर माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडे होता. त्याचं नाव आता ब्रूनो होतं. तिची मुलगी तिसरीत होती, ती त्याच्याजवळच झोपायची. गौरी-गणपतीच्या दिवसांत मी तिला फोन केला. ती म्हणाली, "तू स्वतः सांगितलंस, त्याला कुणी नाही. आम्ही त्याच्यावर खर्च केला हे सोड, पण मुलीला मी काय सांगू? आणि तो तिथे जाऊन पुन्हा उकिरड्यावरच राहणार ना?" तिचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिच्या घरी त्याला औषध होतं, पंखा होता, दोन वेळचं खाणं होतं. मी दोन दिवस स्वतःला समजावत होते की कुत्र्याचं भलं कशात आहे ते पाहावं.

तेव्हा मला २००५ आठवलं. त्या वर्षी मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि ऑगस्टअखेर न्यू ऑर्लिन्सला कतरिना वादळ आलं. टीव्हीवर रोज कुत्री दिसायची, छतांवरची, पाण्यातली. लोकांना बसमध्ये जनावरं घेऊन चढू देत नव्हते, आणि कित्येक जण त्यामुळे घर सोडायला तयार नव्हते. नंतर दूरदूरच्या राज्यांतून लोक आले, हजारो जनावरं वाचवून आपापल्या राज्यांत घेऊन गेले, चांगल्या घरांत दिली. आणि काही महिन्यांनी मूळ मालक शोधत आले. बरेचसे गरीब होते, तेही कुठल्या कुठे फेकले गेले होते. काही जण कोर्टात गेले. नवी माणसं म्हणत होती, आमच्याकडे ते सुखात आहे. मला तेव्हा टीव्हीसमोर बसून त्या नव्या माणसांचा राग यायचा. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, तिथे कायदा झाला, की आपत्तीच्या सरकारी योजनेत लोकांच्या पाळीव जनावरांचाही विचार झालाच पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट आईने केली. मी हे सगळं तिला सांगत होते, मैत्रिणीची बाजूही. ती तेव्हा रोज माझ्या शीटमधले फोटो पुन्हा पुन्हा पाहायची, वाघ्या चुकून आलाय का म्हणून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "वाघ्याला कुणी उचलून नेला असेल तर तो सुखात असू दे. पण मी दारात गेले तर मला दाखवतील तरी ना?"

मी मैत्रिणीला पुन्हा फोन केला.

आम्ही गेलो तेव्हा आजोबा गाडीत पुढे बसले होते, फडक्यात भाकरी बांधून घेतली होती. मोत्या धावत वगैरे आला नाही. आधी लांबूनच वास घेत उभा राहिला. आजोबांनी हाक मारली नाही, नुसतं खिशातलं घुंगरू वाजवलं. मग तो आला आणि त्यांच्या पायावर अंग टाकून पडला. मुलीने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे त्याला झोपायला काय आहे?" ते म्हणाले, "पोतं हाय, बाळ." तिने आतून त्याची गादी आणून दिली. आजोबांनी ती नीट घडी करून काखेत घेतली. मुलगी रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ती नजर मला आजही आठवते. त्या मैत्रिणीशी माझं बोलणं नंतर कामापुरतं राहिलं. माझ्या एका रकान्याने दोन घरं दुखावली.

त्या ४१ चा हिशेब असा. चार गेली. नऊ जणांचे मालक शेडवर आले. एक, मोत्या, मालकाकडे परत गेला. पाच आजही पुण्यात आनंदात आहेत, त्यांना खरोखर कुणी नव्हतं. आणि बावीस आम्ही जिथून उचलली त्याच गल्लीत परत सोडली. यावर काही लोक म्हणाले, वाचवलं आणि परत रस्त्यावर टाकलं? पण गल्लीतलं कुत्रं बेघर नसतं. त्याला माणसं माहीत असतात, कोणत्या दारात कधी उभं राहायचं ते माहीत असतं. अनोळखी ठिकाणी सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात. तेव्हा लागू असलेल्या २००१ च्या नियमांतही नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं पकडलं त्याच भागात सोडायचं, असंच होतं. वाघ्याचा मालक कोण, असं कुणी विचारलं असतं तर तीन घरांतली माणसं पुढे आली असती. माझ्या 'आहे / नाही' मध्ये ते बसत नव्हतं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. कोरोनाचे दिवस होते. या वेळी आम्ही शीट बदलली. 'मालक' हा रकाना काढला आणि तिथे 'कुठे सापडलं, तिथे कुणाला विचारलं' असं घातलं. अंगावरची प्रत्येक वस्तू, दोरा, ताईत, दाव्याचा तुकडा, नंबर लावून पिशवीत ठेवली. उचलल्या ठिकाणी दारावर, खांबावर कागद लावला. ४५ दिवस कुणालाही कायमचं द्यायचं नाही, ठरलं. ज्यांना हौस आहे त्यांनी तोवर सांभाळायला न्यावं, मालक आला तर परत द्यायचं हे आधी कबूल करून. बहुतेकांनी आनंदाने कबूल केलं. आणि शेवटी एक रुंद रकाना ठेवला, 'शेरा'. त्यात कुणीही काहीही लिहावं.

बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. तुम्ही प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी प्रत्येकीला वेगळा शेरा लिहायच्या. माझ्या नववीच्या पुस्तकात होतं, 'गणितात हुशार, पण घाई करते.' मी ते वाचून नाराज झाले होते. मला ते पटायला चाळिशी उजाडावी लागली.

आता निघण्यापूर्वी मागणं. आपल्यापैकी निम्म्यांची म्हातारी माणसं आजही नदीकाठी राहतात. दरवर्षी मे महिन्यात एवढं करा. घरातल्या आणि दारातल्या कुत्र्याचा आजचा फोटो काढून ठेवा, त्याला रेबीजची लस द्या, गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा बांधा. गल्लीच्या कुत्र्यालाही बांधा, कुणाचाही नंबर चालेल. उंचावर राहणारं एक घर आधीच विचारून ठेवा, जिथे माणूस आणि कुत्रं दोघांना नेता येईल. आणि पाणी येण्याआधी निघा, भिंतीवरच्या खुणेकडे बघत बसू नका. काहीच जमलं नाही आणि सोडून जायची वेळ आली, तर साखळी काढा, दावं सोडा, खोलीचं दार उघडं ठेवा. आम्हाला पाण्यात मेलेली जी कुत्री दिसली त्यांतली बरीचशी बांधलेली होती.

वाघ्या सापडला नाही. आई आता माझ्याकडे पुण्यात असते. आम्ही सांगलीला आलो की ती आमच्या चौकात गाडी थांबवायला लावते आणि काच खाली करून एकदा बघते. कालही थांबलो होतो. तिथे आता दुसरी दोन कुत्री आहेत, किराणा दुकानदार म्हणाले, दोघांनाही पट्टे बांधलेत. एकाच्या पट्ट्यावर माझाच नंबर आहे.

एआयबद्दल कुणाला विचारायचं असेल तर जेवणाच्या वेळी विचारा.